गोष्टीतून वगळलेली म्हातारी

आमच्या खानदानात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. ते मला कोणी दिलेलं नाही, मीच बळकावलं. बारसं असो की दहावा, चार माणसं टेकली की कोणीतरी म्हणतं, "दादा, ते सांग ना," आणि मी सुरू होतो. बायकोचं म्हणणं असं, की माझ्या गोष्टीत पांझरेला कायम पूर असतो आणि एस.टी. कायम शेवटचीच असते. ती म्हणते ते खोटं नाही. धुळ्याला, देवपुरात, एका कॉलेजच्या ऑफिसात मी क्लार्क आहे. दिवसभर दाखल्यांवर जे असेल तेच लिहावं लागतं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी थोडं जास्तीचं सांगायचा मला हक्क आहे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

माझा धाकटा भाऊ फौजेत हवालदार आहे. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर त्याची बायको आणि मुलगी राहतात, खाली आम्ही दोघं. यंदा थंडी सरता सरता तो रजेवर आला आणि आल्या दिवसापासून त्याचं बूड जमिनीला लागेना. एरवी रजेवर आला की तो दोन दिवस नुसता झोपतो. या वेळी त्याने घरातले सगळे नळ दुरुस्त केले, फाटकाची बिजागरी बदलली, कूलर खोलून पुन्हा जोडला. घरात बिघडलेलं काही उरलं नाही तेव्हा त्याने शेजाऱ्यांचा कूलर मागून आणला. जेवायला बसताना पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. फोन वाजला की जिना चढून गच्चीवर. वहिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला दोनदा विचारलं, "भाऊ, तब्येत बरी शे ना?" तर म्हणाला, "बठ्ठं बरं शे वहिनी," म्हणजे सगळं बरं आहे.

आम्ही घरी अहिराणीच बोलतो. इथे मात्र बहुतेक बोलणं मी पुस्तकी मराठीत घातलं आहे. तेवढीच काय ती भर. बाकी या वेळी काही वाढवलेलं नाही, आणि का नाही ते पुढे येईलच.

एका रविवारी आम्ही दोघं गच्चीवरची पाण्याची टाकी धूत होतो. तो टाकीच्या आत, मी बाहेर बादली धरून. मी म्हणालो, "काही झालंय का तिकडे?" आतून आवाज आला, टाकीत बोलल्यासारखा घुमत.

"पहाटे एका गावाला घेरा घातला होता. कडेच्या घरात दोघं लपलेत अशी खबर. घरातली माणसं बाहेर काढली. सून म्हणाली, सासू आत राहिली, लकवा झालेला आहे, खाटेवर आहे. मी आणि माझा जोडीदार घराच्या मागच्या बाजूला होतो. मागच्या खिडकीतून एक जण दिसत होता. बंदूक होती त्याच्याकडे. त्याच्या आणि आमच्या मध्ये ती खाट. वायरलेसवर विचारलं. साहेब म्हणाले, म्हातारी बाहेर येईपर्यंत गोळी नाही. थांबलो."

"किती वेळ?"

"तीन तास चाळीस मिनिटं."

"मग?"

"मग तो गोठ्यातून गोळ्या झाडत निघाला आणि ओढ्यात उतरला. ओढ्यापलीकडे गावातली माणसं बसवलेली. बायका, पोरं. आम्ही झाडली असती तर ती त्यांच्यात गेली असती. झाडली नाही. तो निसटला. जोडीदाराच्या पायात गोळी बसली. दुसरा हात वर करून बाहेर आला. म्हातारीला आम्ही खाटेसकट खाली आणली."

"मग?"

"मग काही नाही. घासणी दे."

खरं सांगतो, मला ती गोष्ट अर्धवट वाटली. सुरुवात चांगली, मध्ये नुसतं थांबणं, आणि शेवटी चोर पळाला. असली गोष्ट मी लोकांना सांगितली असती तर लोकांनी मला पाणीसुद्धा विचारलं नसतं.

टाकीतून बाहेर आल्यावर त्याने हात पुसून पाकिटातून एक कार्ड काढलं. कोपरे मऊ झालेलं, प्लास्टिकमध्ये घातलेलं. त्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही ते लिहिलेलं होतं. आधी इशारा द्या. लागेल तेवढंच बळ वापरा. बाईची झडती बाई पोलिसाकडूनच घ्या. घराची झडती गावातल्या माणसासमोर घ्या. शंका असेल तर गोळी नाही. मी कागदाचा माणूस, मला ते आवडलं. पण आमच्या कॉलेजात असा कागद आला की आम्ही त्यावर सही घेऊन तो फाइलला लावतो. हे लोक त्या कागदावर तीन तास चाळीस मिनिटं उभे राहतात, हे डोक्यात नीट शिरायला मला वेळ लागला.

जोडीदाराचा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला होता. आणि आता चौकशी बसली होती. मागच्या बाजूने माणूस निसटला कसा, या दोघांनी गोळी का झाडली नाही, आदेश होता म्हणून, म्हातारी आणि गाव समोर होतं म्हणून, की ऐन वेळी यांचे हातपाय गळाले म्हणून. भावाचा जबाब एकदा घेऊन झाला होता. रजा संपवून गेला की पुन्हा बोलावणार होते.

"त्यात काय अवघड? जे झालं ते सांगायचं," मी म्हणालो. सल्ला द्यायला मला कधीच काही लागत नाही.

"तेच सांगितलंय," तो म्हणाला. "सांगणं सोपं असतं. त्यांना ते पटायला पाहिजे."

त्यानंतर आठ दिवसांनी नशिराबादला आमच्या अक्काच्या मुलीची सुपारी फुटायची होती. अक्का म्हणजे आमची थोरली बहीण. मुलाकडचे लोक रावेरकडचे, केळीवाले, मोठं खटलं. अक्काच्या सासऱ्यांनी, नानांनी, दारात मांडव घातला होता. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा वास पार हायवेपर्यंत येत होता.

आमच्याकडे अशा कार्यात टॉवेल-टोपी असते. आलेल्या प्रत्येक मानाच्या पाहुण्याला माइकवर नाव पुकारून समोर बोलवायचं, डोक्यावर टोपी ठेवायची, खांद्यावर टॉवेल टाकायचा. दोन्ही बाजूंचे मामा, काका, आत्याचे यजमान, सरपंच, माजी सरपंच, आणि माजी व्हायच्या बेतात असलेले सरपंच. हे तास-दीड तास चालतं, आणि कोणाचं नाव राहिलं तर पुढची दहा वर्षं चालतं. त्यातच नानांनी भावाचं नाव पुकारलं. "आपला फौजी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावाने टोपी घालून घेतली, टॉवेल घेतला, हात जोडले आणि पुढच्या रांगेत जाऊन बसला. नाना म्हणाले, "दोन शब्द बोला." त्याने नाही म्हणून मान हलवली. मग नानांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मी बहुधा आधीच उभा होतो.

माइक हातात आला की मला माझा आवाज आवडायला लागतो. मी पहाटेपासून सुरू केलं. बर्फ घातला, तो भावाने सांगितला नव्हता. दोघांचे चौघे केले. म्हातारीपाशी आलो आणि मनात म्हटलं, खाटेवरची म्हातारी आली की लोक हात धुवायला उठतात. म्हणून तिला वगळलं. एवढंच. एक म्हातारी कमी केली तर गोष्टीला काय होतंय?

"चौघे आत, आणि आमचा फौजी बाहेर," मी म्हणालो आणि थांबलो. थांबायचं कुठे ते मला बरोबर कळतं.

मुलाकडच्या बाजूने मुलाचे काका ओरडले, "मग वाट कशाची बघायची? उडवायचं ना घर!"

"उडवलंच!" मी म्हणालो.

जी टाळी पडली, तशी मला आयुष्यात पडली नव्हती. आणि टाळीच्या भरात मी पुढचं वाक्य बोललो. "आत कोण आहे ते विचारत बसायला तो काय जनगणनेला गेला होता?"

लोक हसून हसून एकमेकांवर पडले. काकांनी शिट्टी वाजवली. पुढच्या रांगेतून भाऊ उठला, टोपी काढून घडी केली आणि मांडवाबाहेर गेला. मला वाटलं, गड्याला भरून आलं.

परत येताना गाडी तो चालवत होता. मी बाजूला, बायका मागे. जळगाव गेलं, एरंडोल गेलं, त्याने तोंड उघडलं नाही. मी दोनदा म्हणालो, "कार्यक्रम छान झाला." पारोळ्याच्या अलीकडे, ऊन अजून पुरतं उतरलेलं नव्हतं, त्याने रसाच्या गाडीपाशी गाडी थांबवली. बायकांना रस घ्यायला पाठवलं आणि मला म्हणाला, "दादा, तुझ्या गोष्टीत म्हातारी कुठे आहे?"

"ती... वगळली जरा. लांबत होतं."

"वगळली म्हणजे कुठे गेली?"

"कुठे म्हणजे... नाहीच ती गोष्टीत."

"असं कसं? घर तर तेच ना? सुनेने सांगितलं ना आत आहे म्हणून? ती उठू शकत नाही. आणि घर तू उडवलंस." त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. "म्हणजे मी मारली तिला. दोनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या."

मी गाडीतून उतरलो आणि रसाच्या गाडीपाशी बायकांच्या मागे जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बायकोचा फोन आला. "तुम्ही मोबाइलवर आलात," ती म्हणाली. आवाजात कौतुक नव्हतं. मुलाच्या काकांनी माझ्या भाषणाचा व्हिडिओ टाकला होता. मागे ढोल, मध्ये कुठल्यातरी भलत्याच लढाईचा स्फोट, खाली मोठ्या अक्षरांत माझं जनगणनेचं वाक्य, आणि शेवटी टोपी घातलेल्या भावाचा फोटो. गणवेशातला दुसरा फोटो त्यांनी अक्काच्या मोबाइलवरून मिळवून लावला होता. संध्याकाळपर्यंत आमच्या शिपायाने मला ते दाखवलं, वर म्हणाला, "साहेब, भारी!"

त्या आठवड्यात मी बूड टेकून बसलो असेन तर शपथ. भाऊ आधीच येरझारा घालत होता, आता त्याच्या मागे मी. तो गच्चीवर, मी अंगणात. दाखल्यावर एका मुलाच्या आईच्या जागी मी आजीचं नाव लिहून ठेवलं. दर दहा मिनिटांनी तो व्हिडिओ उघडून किती जणांनी पाहिला ते बघायचो, आणि मी बघितल्याने तो आकडा आणखी एकाने वाढत असेल या विचाराने पुन्हा घाम फुटायचा.

"हे तिकडे पोचलं तर?" मी विचारलं.

"पोचणारच," भाऊ म्हणाला. "जबाबात मी लिहिलंय, आत म्हातारी होती म्हणून थांबलो. आणि इथे माझा सख्खा भाऊ माइकवर सांगतोय, आत कोण आहे ते बघितलंच नाही. साहेबांनी कोणतं खरं धरायचं? आणि साहेबांचं एक वेळ सोड. माझा जोडीदार हॉस्पिटलात पडलाय. त्याचा पाय गेला तो आम्ही थांबलो म्हणून. तो हे बघेल. त्याने पाय दिला आणि मी गावात टोपी घालून फिरतोय."

मी लगेच अक्काला फोन लावला. म्हटलं, सोयऱ्यांना सांग ते काढायला. आधी अक्काने दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आपण मुलीकडचे. लग्न अजून व्हायचंय. त्यांनी हौसेने टाकलंय, आपल्याच माणसाचा मान म्हणून टाकलंय. मी कोणत्या तोंडाने म्हणू, काढा?"

"मग मी म्हणतो."

"तू काही म्हणू नकोस!" अक्का म्हणाली. "तू म्हणालास म्हणूनच हे झालंय."

तिचंही खरं होतं. आमच्याकडे मुलीच्या बाजूने सोयऱ्यांना एक शब्द वावगा गेला तर तो लग्नाच्या हॉलपर्यंत पोचतो आणि तिथे जेवणाच्या पंगतीत उगवतो. पण नानांनी मार्ग काढला. रविवारी मुलाकडचे चार जण लग्नाचं ठरवायला नशिराबादला येणार होते, काकाही येणार होते. "तुम्ही या," नाना म्हणाले. "मागणं-बिगणं काही करू नका. तुम्हाला एकच येतं ते करा. गोष्ट सांगा. या वेळी खरी."

मी एस.टी.ने गेलो. भाऊ आला नाही. म्हणाला, "मी समोर असलो की तू माझ्याकडे बघून बोलशील."

निघताना त्याने मला एक गोष्ट सांगितली, जी टाकीत सांगितली नव्हती. ती मी तशीच पुढे नेली, वाटेत तिला हात लावला नाही. धुळे ते जळगाव आणि तिथून नशिराबाद, एवढ्या प्रवासात एखाद्या गोष्टीला हात न लावणं किती कष्टाचं आहे ते मला त्या दिवशी कळलं.

नानांच्या ओसरीत आठ-दहा माणसं होती. काकांनी माझं स्वागत "या जनगणना!" असं केलं. चहा झाला. मी उभा राहिलो नाही, बसूनच सुरू केलं.

"मी परवा जे बोललो ते खोटं होतं," मी म्हणालो. "घर उडवलं नाही. भावाने त्या दिवशी एकही गोळी झाडली नाही."

काकांचा कप ओठाशीच राहिला. अक्का दाराच्या चौकटीत उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

मग मी थांबण्याची गोष्ट सांगितली. थांबण्याची गोष्ट सांगणं फार वाईट असतं. पहिला तास. काय झालं? काही नाही. खिडकीत माणूस दिसतोय, मध्ये खाट आहे. गावातल्या मुखियाने कर्ण्यावरून हाक मारली, म्हातारीला बाहेर येऊ द्या. उत्तर नाही. दुसरा तास. काय झालं? काही नाही. पाय बधिर झाले. जोडीदार म्हणाला, तहान लागली, पण बाटली काढायला हात हलवला तर खिडकीतला बघेल, म्हणून पाणी प्यायले नाहीत. एक जण मोबाइल बघायला लागला. नानांना जांभई आली, ती त्यांनी मिशीत दाबली. माझ्या तोंडात बर्फ आला होता, तो मी गिळला.

"अहो पण नेम धरून मारता आला नसता का?" काका म्हणाले. "फौजी माणूस. खिडकीतून एकच."

"मीही हेच विचारलं होतं," मी म्हणालो. "तो म्हणाला, लागली असती तर मी चांगला नेमबाज ठरलो असतो. नसती लागली तर म्हातारी गेली असती. तिला घेऊन पैज लावायची परवानगी मला कोणी दिलेली नाही."

मग तिसरा तास, आणि वर चाळीस मिनिटं. मग तो निसटला. मग जोडीदाराचा पाय. इथपर्यंत ओसरी गप्प होती, पण ती कंटाळ्याने गप्प होती की आणखी कशाने, मला ओळखता येईना. टाळीची सवय झालेल्या माणसाला शांतता वाचता येत नाही.

"आणि म्हातारी?" आतून अक्काच्या जावेने विचारलं.

"तिला चौघांनी खाटेसकट उचललं. एक कोपरा भावाचा. उतार अरुंद, दगडाचा. म्हणून त्यांनी खाट खांद्यावर घेतली. तर ती म्हातारी अर्ध्या अंगाने उठून, जो हात चालत होता त्याने त्यांच्या डोक्यावर मारायला लागली. यांना भाषा कळेना. सून मागून ओरडत आली, खाली घ्या, खाली घ्या! जिवंत माणसाला खांद्यावर नेतात का?"

"बरोबरच आहे तिचं!" अक्काची जाऊ म्हणाली. "माणूस जिवंत असताना खांद्यावर?"

"मग त्यांनी खाट गुडघ्याइतकी खाली घेतली. तशी धरायची तर कमरेत वाकावं लागतं. वाकलं की पाठ उघडी पडते, आणि ओढ्यात उतरलेला माणूस अजून जवळपास असेल. तरी शंभर-दीडशे पावलं ते तसेच वाकून चालले. खाली पोचेपर्यंत ती त्यांना शिव्या देत होती."

"मग?" काका म्हणाले.

"मग काही नाही," मी म्हणालो.

काकांनी खिशातून मोबाइल काढला, माझ्यासमोरच तो व्हिडिओ शोधला आणि पुसून टाकला. "माझ्याकडचं गेलं," ते म्हणाले. "पण पुढे कुठे कुठे गेलंय ते मला सांगता येणार नाही. रावेर तालुका तर झाला बरं का." मग जरा घुटमळून म्हणाले, "तुम्ही परवाच असं सांगितलं असतं तर... तर मी टाकलंच नसतं. कोण बघतं हो असलं?" त्यांनी ते अगदी प्रामाणिकपणे सांगितलं.

घरी आलो तेव्हा भाऊ फाटकाशी उभा होता. मी सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं झालं. आता दुसरं." आणि मोबाइल माझ्या हातात दिला. जोडीदाराला लावलेला होता, पलीकडे वाजत होता. माझी हिंदी म्हणजे मराठीला टोपी घातलेली, पण आता माघार नव्हती.

"भाईसाब, मैं हवालदार साब का बड़ा भाई," मी म्हणालो. "वो वीडियो में मैं हूँ. मैं वहाँ नहीं था. मैंने सब झूठ बोला. माफ करना."

पलीकडे पंखा फिरल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "देखा मैंने. तालियाँ बहुत थीं, दादा."

"जी."

"हमारे गाँव में भी यही चल रहा है. मेरे बाप ने सबको बताया है कि मैंने तीन मारे, तब जाके पैर गया. मैं कुछ बोलता नहीं. बैठे-बैठे, बिना गोली चलाए पैर गया, ये किसको समझाऊँ?"

फोन स्पीकरवर होता, भाऊ शेजारी उभा राहून ऐकत होता. त्याने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "और बयान में? बयान में क्या लिखा तूने?"

"बयान में क्यों झूठ लिखूँगा, यार?" तो म्हणाला. "लिखा है कि खिड़की में वो था, बीच में खाट थी. मेरी उँगली घोड़े पर थी. तूने कहा, नहीं. मैंने हटा ली. यही लिखा है. कल ही दस्तखत करके भेजा."

भाऊ फाटकापाशीच खाली बसला. पाठ रस्त्याकडे. रजेवर आल्यापासून तो असा बसलेला मी पाहिला नव्हता. फोनवर दोघं मग पायाबद्दल, औषधांबद्दल, कुठल्याशा साहेबाच्या बदलीबद्दल बोलत राहिले. मी आत गेलो.

दुसऱ्या दिवशी भावाने मला कागद दिला. तो परत गेल्यावर साहेबांना त्या व्हिडिओबद्दल स्वतःहून सांगणार होता, आणि सोबत माझं लेखी पाहिजे होतं. आयुष्यभर इतरांचे अर्ज दुरुस्त करणारा मी, तासाभरात दीड पान लिहून दिलं. त्याने वाचलं.

"हे वरचं काय आहे?"

"पार्श्वभूमी."

"काढ."

"मग अचानक सुरू होईल."

"होऊ दे. आणि हे 'अत्यंत भावविवश होऊन'?"

"टाळ्या पडत होत्या ना."

"काढ, दादा."

शेवटी चार ओळी राहिल्या. मी त्या जागी हजर नव्हतो. जे बोललो ते मला कोणी सांगितलेलं नाही, मी मनाने रचलं. माझ्या भावाने मला जे सांगितलं त्यात घरात आजारी म्हातारी होती आणि त्याने गोळी झाडली नाही. चुकीबद्दल मी दिलगीर आहे. खाली सही, पत्ता, आधारची झेरॉक्स. लिहून झाल्यावर माझा हात पुन्हा पेनाकडे गेला. पाचवी ओळ सुचली होती, चांगली होती. बायकोने पेन उचलून नेलं.

भाऊ दोन दिवस लवकरच गेला. जळगाव स्टेशनवर मी त्याला सोडायला गेलो तेव्हा कागद त्याच्या शर्टाच्या आतल्या खिशात होता, कार्डाला लागून. गाडी यायला उशीर होता. तो फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता, आणि मीही त्याच्या बरोबर चालत होतो, कारण एका जागी उभं राहणं आता मलाही जमत नव्हतं.

त्याला पुन्हा बोलावलं, विचारलं, माझा कागद घेतला. साहेबांनी तो दोनदा वाचला म्हणे. "काय म्हणाले?" मी फोनवर विचारलं. "काही नाही. जोडीदाराच्या बयानाला टाचला." निकाल अजून आलेला नाही. मी दर शनिवारी विचारतो, तो म्हणतो, थांब.